बघितलो म्हणून सांगितलो

आमच्या बेळगावकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात हे ऐकून पुण्याची माणसं हसतात. हसू देत. आमच्यात पोरगी 'मी गेलो' म्हणते, आई 'मी भाकरी केलो' म्हणते आणि जिथं 'पण' म्हणायचं तिथं आम्ही सगळेच 'खरं' म्हणतो. 'बाजारला गेलतो खरं भाजी मिळाली न्हाई.' एका दिवाणी दाव्यात एक म्हातारा साक्षीत म्हणाला, "मी सही केलो खरं वाचलो न्हाई." समोरचा वकील सोलापूरकडचा. त्यानं 'सही केली हे खरं' एवढंच उचललं आणि म्हातारा कबूल झाला म्हणून टेबल वाजवलं. बाररूममध्ये आम्ही महिनाभर त्यावर चहा प्यालो.

'म्हणून' या शब्दाची गोष्ट मात्र मी आजवर बाररूममध्ये सांगितलेली नाही. त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि जो चुकला तो मी.

2016 सालची गोष्ट. तालुक्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यातली पोरगी आता मोठी झाली असेल, तिला तिच्या गावात राहायचं आहे. जिल्हा बेळगावी, कोर्ट तालुक्याचं. कोर्टाची भाषा कन्नड, आणि पक्षकारांपैकी निम्म्यांना 'हौदु' आणि 'इल्ल', म्हणजे हो-नाहीच्या पलीकडं कन्नड येत नाही, असा तो मुलूख. माझं शिक्षण सातवीपर्यंत मराठी शाळेत, पुढं बेळगावात. कन्नड शिकलो ते कोर्टाच्या व्हरांड्यात, अशिलांच्या पैशानं. आता स्वप्नंसुद्धा अधूनमधून कन्नडमध्ये पडतात, त्यांत बहुतेक तारीख चुकलेली असते.

त्या दिवशी माझं एकच काम होतं, चेक बाउन्सचं, आणि तेही पुढं ढकललं गेलं. निघायच्या बेतात होतो तोच मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वर बघून विचारलं, "मराठी चन्नागि यारिगे बरुत्तदे?" मराठी चांगली कुणाला येते? साहेब हासनकडचे, इथं येऊन चार महिने झालेले. एरवी बेंच क्लार्कच दुभाषाचं काम उरकायचे, ते रजेवर होते. मागच्या बाकावरून दोन-तीन जणांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी उठलो. दुभाषालाही साक्षीदारासारखीच शपथ घ्यावी लागते, भाषांतर खरं करीन म्हणून. ती घेतली. घेताना गंमतच वाटली. रोज दुसऱ्यांना देताना ऐकतो ते शब्द.

केस घरफोडीची होती, तेव्हाच्या दंड संहितेची कलमं 457 आणि 380. आरोपी पारधी. आमच्याकडं हरणशिकारी म्हणतात. गावाबाहेर ओढ्याकाठी पालं ठोकून चार घरं राहायची, त्यांतला. रात्री गावातल्या एका घरात चोरी झाली, म्हातारीची बोरमाळ गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांनी त्याला पालावरून उचललं. जप्त काय केलं तर एक लोखंडी पहार आणि थोडे पैसे. पहार कुणाच्या घरात नसते? बोरमाळ मिळाली नाही, शेवटपर्यंत नाही. म्हणजे सगळी केस उभी होती एका साक्षीदारावर. म्हातारीची नात, घटनेच्या वेळी आठ वर्षांची, कोर्टात आली तेव्हा नऊ. तिनं चोराला बघितलं होतं, असं कागद म्हणत होता.

आरोपी जामीन झाला होता खरा, पण तो सात महिन्यांनी. पारध्याला जामीन कोण राहणार? सात-बारा असलेला माणूस त्याच्यासाठी सही करत नाही. तोवर तो हिंडलग्याच्या जेलमध्ये. वकील त्याला कायदा सेवा समितीनं दिलेला. अनुसूचित जमातीच्या माणसाला 1987 च्या कायद्यानं तो फुकट मिळतो. फुकटचा वकील कसा मिळतो ते वकिलांना सांगायला नको. पोरगा नवीन होता, फाइल त्यानं सकाळी बघितली होती.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. कोर्ट सुरू व्हायच्या आधी पोरीचा मामा मला व्हरांड्यात भेटला होता. ओळखीचा माणूस. आमच्या मराठी कार्यक्रमांना यायचा, वर्गणीला कधी मागं सरायचा नाही. "जय महाराष्ट्र, वकीलसाहेब," म्हणाला, चहा पाजला. केसबद्दल एवढंच बोलला, "पारधी हाय ओ. दुसरं कोन असनार?" मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही. माझी आज्जी दिवेलागणीला म्हणायची, 'पारधी आल्यात गावात, कडी घाला.' तिनं आयुष्यात एक तरी पारधी जवळून बघितला होता का, कोण जाणे. 1871 साली इंग्रजांनी अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवायचा कायदा केला. पुढं मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर इथं तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या केल्या, रोज हजेरी लावली. 1952 साली तो कायदा गेला. हे सगळं मी लॉ कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. कडी मात्र माझ्या डोक्यात तशीच घातलेली होती.

पुकारा झाला. पोरगी आली ती शाळेच्या ड्रेसमध्ये, दोन वेण्या, लाल रिबिनी. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी केली तर कठड्यावर फक्त रिबिनी दिसायला लागल्या. साहेब म्हणाले, मूल मला दिसलं पाहिजे. शिपायानं रेकॉर्डरूममधून लाकडी खोकं आणलं, पालथं घातलं, वर तिला उभं केलं. खोकं एका बाजूला डुगडुगत होतं, म्हणून ती सगळा वेळ एका पायावर भार देऊन उभी. मी तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर. तिच्या हाताला खोबरेल तेलाचा वास येत होता आणि तळहातावर बॉलपेननं काहीतरी लिहिलेलं होतं. मला वाटलं, पढवलेली उत्तरं. नीट बघितलं तर सातचा पाढा होता.

बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ द्यायची की नाही, ते न्यायाधीशानं ठरवायचं असतं. त्यासाठी आधी चार प्रश्न विचारून बघतात. साहेब माणूस चांगला. चष्मा काढून ठेवला, खाली वाकले, "हेदरबेड, हेळम्मा," म्हणाले. मी म्हटलं, "भिऊ नकोस, सांग." नाव, इयत्ता, बाईंचं नाव. खोटं बोललं तर काय होतं? "पाप लागतंय." खरं बोललं तर? ती जरा थांबली. "बाई वहीवर चांदणी काढत्यात." साहेब हसले, टायपिस्ट हसली. मग सहज विचारावं तसं साहेबांनी विचारलं, तुझ्या बाकावर शेजारी कोण बसतं?

"आता कोन न्हाई."

"ईग यारू इल्ल," मी सांगितलं. साहेब पुढच्या प्रश्नाला गेले. 'आता' या शब्दावर कुणीच थांबलं नाही. मीही नाही.

शपथ दिली नाही. तिला खरं बोलायचं कळतं, शपथेचा अर्थ कळत नाही, अशी नोंद करून साक्ष सुरू केली.

सरकारी वकिलांनी रीतसर नेलं. कुठं झोपली होतीस? सोप्यात, आज्जीजवळ. मग? कुत्रं भुकलं. मग? आज्जी उठली, दार उघडं हुतं. कुणी दिसलं? तिनं मागच्या बाकाकडं बघितलं. तिथं मामा बसला होता, शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली तिची आई. कोण होतं ते? तेव्हा तिनं एका मुलीचं नाव घेतलं आणि म्हणाली, "तिचा बा." सरकारी वकिलांनी आरोपीकडं हात केला. हाच का? तिनं मान हलवली. साहेब म्हणाले, तोंडानं सांग. "हं."

आरोपीला मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. चपला बाहेर काढून आलेला. उजव्या पायाचा अंगठा फरशीच्या फटीत घालून उभा होता, आणि ती फट अंगठ्यानं मागं-पुढं घासत होता, शाळेत बाकावर उभं केलेलं पोर करतं तसं.

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"मामाला. मामा विचारले, मी बघितलो म्हणून सांगितलो."

मी म्हटलं, "माव केळिदरु. नोडिद्दक्के हेळिदे." मामांनी विचारलं, बघितलं असल्यामुळं सांगितलं.

साहेबांनी टायपिस्टला तेच सांगितलं. 'नुडि' या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कन्नड अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटली. चूक अशी होते. आवाज होत नाही.

ज्यांना आमची भाषा येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'बघितलो म्हणून सांगितलो' याचे दोन अर्थ होतात. एक, बघितलं त्यामुळं सांगितलं. दुसरा, 'बघितलं' असं सांगितलं. आमच्याकडं दुसराच जास्त चालतो. 'येतो म्हणून सांग', 'जेवलो म्हणून सांगितला', दिवसातून पन्नास वेळा. कन्नडमधल्या 'अंत'च्या जागी आम्ही 'म्हणून' ठेवतो. म्हणजे शब्दाला शब्द ठेवून मी 'नोडिदे अंत हेळिदे' म्हटलं असतं तरी बरोबर झालं असतं. सरळ रस्ता सोडून मी आडवाटेनं चुकलो. दुकानाच्या पाट्यांवर, सातबाऱ्यावर, बसच्या फलकावर मराठी नाही म्हणून भांडणारा मी माणूस. आमची भाषा यांना कळत नाही, आमचं कुणी ऐकत नाही, हे माझं पाठ झालेलं भाषण. त्या दिवशी ऐकायला मीच होतो.

उलटतपासणी तीन मिनिटांत आटोपली. पोलिसांनी तुला शिकवलं? न्हाई. तू खोटं बोलतेस? न्हाई. आणखी काही नाही, सर. पोरगा खाली बसला. पोलिसांनी शिकवलं नव्हतंच, ते ती खरं बोलली. कुणी शिकवलं हे त्यानं विचारलं नाही.

इथंच ते संपलं असतं. बऱ्याच कोर्टांत संपतंच. साक्ष लिहून झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते, आणि लिहिलेली भाषा त्याला येत नसेल तर त्याच्या भाषेत समजावून सांगायची असते. जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, 278 कलम. प्रत्यक्षात काय होतं? साक्षीदार खाली उतरतो, शिपाई बोट ठेवून दाखवतो, सही किंवा अंगठा, संपलं. ते कलम वापरताना मी तोवर दोनदा बघितलं असेल. पण हे साहेब नवीन होते आणि अजून कायदा वाचत होते. म्हणाले, मुलीला पूर्ण वाचून दाखवा. जेवणाची सुट्टी जवळ आली होती. सरकारी वकिलांनी घड्याळ बघितलं. मीही बघितलं.

मी पडद्यावरून कन्नड वाचत मराठीत सांगू लागलो. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. कुत्रं, दार, आज्जी. मग ते वाक्य आलं. मी म्हटलं, "मामांनी विचारलं. मी त्याला बघितलं होतं, त्यामुळं सांगितलं."

मान हलली नाही.

"तसं न्हवं," ती म्हणाली.

"मग कसं?"

"बघितलो म्हणून सांगितलो."

"तेच की गं."

"तेच न्हवं ओ." तिच्या आवाजात आता शाळा आली होती. बाईंनी गणित चुकीचं तपासलं की पोरं बोलतात तो आवाज. "अंधार हुता. मला कोनबी दिसला न्हाई. मामा म्हटले, बघितलो म्हणून सांग. मग मी बघितलो म्हणून सांगितलो."

तिच्या दृष्टीनं ती पहिल्यापासून खरंच सांगत होती. तिला सांगायला सांगितलं होतं आणि तिनं सांगितलं होतं, एवढंच तर वाक्य होतं. 'हाच का' म्हटल्यावर तिनं मान हलवली तीही त्याच हिशेबानं. मैत्रिणीचा बा तो होताच की.

साहेब माझ्याकडं बघत होते. "एनंते?" काय म्हणते?

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पंखा फिरत होता एवढं आठवतं. मी मागं बघितलं. मामाला मराठी कळत होती, कोर्टातल्या निम्म्या लोकांना कळत होती, साहेबांना तेवढी नाही. मामाचा चेहरा हलला नाही. त्यानं फक्त मान किंचित एका बाजूला केली. ती खूण मला कळली. आपल्यातला माणूस आपल्यातल्या माणसाला करतो ती. 'पोरगी घाबरलीय' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणी तपासणार नव्हतं.

मी मोठा धीर केला वगैरे काही नाही. त्या क्षणी डोक्यात एकच आलं, ही पोरगी हाताच्या अंतरावर उभी आहे आणि माझं कन्नड ऐकते आहे, आणि तिला मी काय बोललो ते कळणार नाही. मी म्हटलं, "सर, आधीचं भाषांतर माझं चुकलं." आणि तिचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून कन्नडमध्ये सांगितलं. 'अंत'सकट.

मग जे झालं ते भराभर झालं. सरकारी वकील उठले, दुभाषाच्या विरुद्ध बोलले, साक्षीदार फितूर म्हणून उलटतपासणीची परवानगी मागितली, ती मिळाली. तुला कुणी धमकावलं? न्हाई. या माणसाच्या घरच्यांनी काही दिलं? ती म्हणाली, "खोडरबर." कोर्टात खळबळ. साहेबांनी विचारलं, कधी? "दुसरीत असताना. तिचा हरवला म्हणून माझा अर्धा करून दिलो, मग ती नवा आणून अर्धा मला दिली." मी हे सगळं, अर्ध्या-अर्ध्या खोडरबरासकट, कन्नडमध्ये सांगितलं आणि टायपिस्टनं ते टाइप केलं. त्या फाइलीत ते आजही असेल.

साहेबांनी आधीचं वाक्य खोडलं नाही. खोडायचं नसतं. साक्षीदारानं हरकत घेतली, दुभाषानं चूक कबूल केली, अशी टिप्पणी खाली जोडली. मुलीचं बोलणं पढवलेलं दिसत नाही, असा शेरा मारला. माझं नाव त्या टिप्पणीत आहे. इतक्या वर्षांच्या वकिलीत निकालपत्रांमध्ये नाव बरंच आलं. ही नोंद मला कुणाला दाखवावीशी वाटली नाही.

आरोपीला मराठी कळत होती. सगळं त्याच्यासमोर घडलं. बाहेर पडताना तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, काही म्हणेल. मी तयारीही केली होती, 'माझं कामच आहे ते' वगैरे. त्यानं विचारलं, "साहेब, पुढची तारीख कवा?" मी सांगितली. ती त्यानं दोनदा म्हणून घेतली, चपला घातल्या आणि गेला. तारखेला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, त्याचा हिशेब त्याच्या डोक्यात असणार.

साडेचार महिन्यांनी तो सुटला. पंचांनी सांगितलं, सह्या स्टेशनात बसून केल्या. निकालात संशयाचा फायदा. म्हणजे निर्दोष म्हणायचं, पण दार अर्धंच उघडायचं. तोवर पालं उठून गेली होती. त्याची पोरगी शाळेतून तेव्हाच गेली होती, बा आत गेला त्या आठवड्यात. बोरमाळेचं काय झालं ते कोर्टात कधी आलं नाही. गावात जे बोललं जातं ते माझ्या कानावर आलं आहे. पुरावा नसलेल्या बोलण्याचं काय होतं ते एकदा जवळून बघितल्यामुळं इथं लिहीत नाही.

त्या दिवशी दुपारी मी जेवलो नाही. व्हरांड्यात आलो तर पोरगी पायरीवर बसली होती. आई शेजारी, जमिनीकडं बघत. तिचा नवरा गोव्यात कामाला, दोन वर्षं पैसा नाही की फोन नाही. मायलेकी मामाच्याच घरात राहत होत्या, हे मला तेव्हा कळलं. मामा समोरच्या टपरीपाशी, आमच्याकडं पाठ करून. सकाळी त्यानं मला जिथं चहा पाजला होता तीच टपरी.

मी शिपायाला पाठवून लिमलेटच्या गोळ्या आणवल्या. काहीतरी द्यायचं म्हणून. तिनं एक घेतली, तोंडात टाकली नाही. तळहातावर, सातच्या पाढ्यावर ठेवली. घामानं सात सक बेचाळीस पुसट झालं होतं.

"बाईंनी विचारलं तर काय सांगशील?" मला दुसरं काही सुचलं नाही.

ती बराच वेळ टपरीकडं बघत होती.

"मी खरं बोललो," ती म्हणाली, "खरं मामा बोलंना झाल्यात."

तिची आई उठली, पदर सारखा केला, "येतो, साहेब," म्हणाली. रस्त्यावर बस आली होती. मामा आधी चढला, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. त्या दोघी अगदी शेवटच्या.